गोळी तीच, आकडा वेगळा

अगं, तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला, म्हणून फोन केला नाही. "ताई, गोळी एकही जास्त घेतली नाही, वेळ चुकवली नाही, तरी लिथियमची लेव्हल ०.७ वरून १.१ कशी झाली? माझंच काही चुकलं का?" नाही गं, तुझं काहीही चुकलेलं नाही. आधी हे मनात पक्कं बसू दे, मग पुढचं वाच.

रिपोर्ट हातात पडल्या पडल्या तू डॉक्टरांना पाठवलास आणि त्यांनी आठवड्याने पुन्हा रक्त द्यायला सांगितलं, हे अगदी बरोबर झालं. डोस तोच ठेवायचा की कमी करायचा, हे त्यांनी ठरवायचं. त्यात मी बोलणार नाही, आणि तूही मनाने अर्धी गोळी मोडून घेऊ नकोस. पण ओपीडीत बाहेर वीस माणसं ताटकळत असताना जे निवांत बोलणं होत नाही, ते आपण दोघी बोलू. मीही ही गोळी घेते, तुझं लग्न झालं त्याच्या आधीपासून घेते. गोळीचा आकार बदलला नाही, रंग बदलला नाही, आणि तरी रक्तातला आकडा वर-खाली झालेला मीही पाहिला आहे. तो का होतो हे एकदा समजलं की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी थोडी असू दे, ती उपयोगाची आहे.

आधी आकड्याचं बोलू. आपल्या बायपोलर आजारात नेहमीच्या दिवसांत, म्हणजे मूड स्थिर ठेवण्यासाठी, बहुतेक डॉक्टर ०.६ ते ०.८ च्या आसपास लेव्हल ठेवतात. मेनिया जोरात असताना ती १.० पर्यंत, कधी थोडी वरही नेतात. वय झालेल्या माणसाला त्याहून कमी पुरते. साधारण १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका सुरू होतो आणि २ च्या पुढे तो गंभीर असतो. रिपोर्टवर कधी मिलिमोल लिहिलेलं असतं, कधी मिलिइक्विव्हॅलंट. लिथियमच्या बाबतीत दोन्हींचा आकडा एकच, त्यामुळे लॅब बदलली आणि एकक वेगळं दिसलं तर घाबरू नकोस. गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा इतकी जवळजवळ असलेली औषधं फार नाहीत. म्हणूनच या गोळीसाठी रक्त पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. तुझा आजार फार मोठा आहे म्हणून नव्हे.

आता तो आकडा ठरवतं कोण? गोळी ठरवते, पण तिच्या बरोबरीने मूत्रपिंड ठरवतं. लिथियम हे मुळात एक क्षार आहे. यकृत त्याला मोडत नाही, त्याचं दुसरं काही बनत नाही. जसं पोटातून रक्तात जातं तसंच जवळजवळ सगळं लघवीवाटे बाहेर पडतं. आणि मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम, म्हणजे आपल्या मिठातला मुख्य घटक, यांच्यातला फरक फारसा कळत नाही. उन्हाळ्यात नळाला दोन दिवसांआड पाणी आलं की घरातली बाई भांडी विसळलेलं पाणीही फेकत नाही, बादलीत धरून ठेवते. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडलं की मूत्रपिंड तेच करतं, सोडियम धरून ठेवायला लागतं. आणि सोडियम धरता धरता लिथियमही धरून ठेवतं. तू गोळ्या तेवढ्याच गिळतेस, बाहेर पडतं मात्र कमी, आणि आकडा चढतो.

म्हणून मी तुला सकाळी विचारलं, गेल्या महिन्या-दीड महिन्यात घरात काय काय बदललं? आणि तू एकेक सांगत गेलीस. सासऱ्यांचं बीपी वाढलं म्हणून सगळ्या घराचं मीठ बदललं. नागपूरचा मे महिना सुरू झाला. पाळीत पोट फार दुखलं म्हणून चार-पाच दिवस गोळ्या घेतल्या. आणि झोप नीट लागावी म्हणून कॉफी एकदम बंद केली. अगं, यातली एकही गोष्ट वाईट हेतूने केलेली नाही, उलट प्रत्येक शहाणपणाचीच वाटावी अशी आहे. पण लिथियमच्या बाजूने पाहिलं तर चारही गोष्टी एकाच दिशेला ढकलणाऱ्या आहेत. कशामुळे किती वाढलं हे मी सांगू शकत नाही. चारही गोष्टी कागदावर तारखांसकट लिहून डॉक्टरांना दाखव, एवढं मात्र नक्की सांगते.

मिठापासून सुरू करते, कारण स्वयंपाकघरातून काही येईल असा कोणाला संशयच येत नाही. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं, त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. सासऱ्यांना ते डॉक्टरांनी सांगितलं असेल तर त्यांच्यासाठी ते ठीक. पण तुझ्या आमटीतलं सोडियम एका सोमवारपासून अचानक घटलं, आणि मूत्रपिंडाने त्याची लगेच दखल घेतली. याचा अर्थ तू आता लोणचं-पापडावर ताव मारावास असा नाही. मीठ एकदम वाढवलं तर लिथियम भराभर बाहेर पडतं, लेव्हल खाली जाते, आणि मग झोप उडणं, बडबड वाढणं, पैसे उधळणं या मेनियाच्या जुन्या खुणा डोकं वर काढतात. आपल्याला ना जास्त हवं, ना कमी. रोजच्या सारखं हवं. घरात दोन डबे ठेवायला सासूबाई नाही म्हणणार नाहीत. त्यांना नीट समजावून सांग की हे पथ्य तुझ्यापुरतं डॉक्टरांना विचारून ठरणार आहे. उद्या तुलाही बीपीसाठी मीठ कमी करायची वेळ आली, तर तेही होईल, फक्त हळूहळू आणि मध्ये मध्ये रक्त तपासत.

सैंधवाचं तू विचारलंस. सैंधवही बव्हंशी सोडियम क्लोराइडच असतं गं. उपासाला चालतं ही रीत झाली, पण मूत्रपिंडाच्या दृष्टीने ते मीठच.

मिठाची गोष्ट निघालीच आहे तर एक जुनी हकीकत सांगते, कारण ती ऐकल्यावर मला पहिल्यांदा त्या दर काही महिन्यांनी टोचणाऱ्या सुईबद्दल आदर वाटला. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने मेनियाच्या दहा रुग्णांना लिथियम देऊन त्यांच्यात किती फरक पडला ते प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत लिथियम क्लोराइड चक्क मिठाला पर्याय म्हणून विकलं जात होतं. आणि ते घेत होती कोण माणसं? हृदयाच्या आणि बीपीच्या आजारामुळे ज्यांना मीठ वर्ज्य केलं होतं ती. म्हणजे ज्यांच्या शरीरात सोडियम मुळातच कमी, तीच माणसं जेवणावर लिथियम भुरभुरवत होती. काहींना विषबाधा झाली, काही दगावली, आणि ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. केडच्या पहिल्या रुग्णांपैकी ज्याला सर्वांत लक्षणीय गुण आला होता, तोही पुढच्या वर्षी लिथियमच्या विषबाधेने गेला. तेव्हा रक्तातली लेव्हल बघून डोस ठरवायची पद्धतच रुळलेली नव्हती. ती पद्धत पन्नासच्या दशकात बसत गेली. डेन्मार्कमध्ये मोगेन्स शाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये शिस्तीत चाचणी घेतली. अमेरिकेत तर हे औषध मेनियासाठी मंजूर व्हायला १९७० उजाडलं. आज तू आणि मी ही गोळी घेऊन घरी निवांत झोपतो, त्यामागे ही रक्ताची तपासणी उभी आहे. कंटाळा आला की हे आठवत जा.

आता पाणी. नागपूरच्या मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, तुला मी काय सांगायचं. तहान लागेपर्यंत थांबू नकोस, दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा. ताक, पन्हं, लिंबू सरबत हे सगळं चालतं, नेहमीच्या चवीचं मीठ घालून. लिथियमने तहान आणि लघवी दोन्ही वाढू शकतात. त्यामुळे "सारखी काय बाथरूमला पळतेस" असं कोणी म्हणालं म्हणून पाणी तोडू नकोस. ते वाढतच गेलं, रात्री तीन-चारदा उठावं लागायला लागलं, तर तेही डॉक्टरांना सांग.

उन्हापेक्षा मला काळजी उलट्या-जुलाबांची. लग्नसराईत बाहेरचं जेवण होतं, पाणी बदलतं, आणि दोन दिवसांत शरीर कोरडं पडतं. अशा वेळी आई जसं म्हणायची, "दोन दिवस लंघन कर, आपोआप बरं होईल," ते लिथियम घेणाऱ्या माणसाने करायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा आणि विचारायचं, आजची गोळी घेऊ का थांबवू? बहुतेक वेळा ते थांबवायला सांगतात आणि रक्त बघतात. ओआरएस सुरू करायचं, त्यात सोडियम असतंच. ताप भरून घामाघूम झालीस तरी हाच नियम. आणि यात एक फसवी गाठ आहे, ती नीट लक्षात घे. जुलाबांमुळे लेव्हल वाढते हे खरं, पण लेव्हल फार वाढली की त्याचीही खूण जुलाब आणि उलट्या हीच असते. पाणीपुरी बाधली म्हणून घरात बसून राहणारं माणूस प्रत्यक्षात लिथियमच्या विषबाधेत असू शकतं. कारण कोणतंही असलं तरी फोन करायचा, एवढं ठरवून टाक.

उपासाचं बोलताना मला थोडं जपून बोलावं लागतं, कारण तुझी श्रद्धा मला माहीत आहे. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे उपास पाणी पिऊन, फळं, राजगिरा, भगर खाऊन, नेहमीइतकं मीठ पोटात जाईल असे केलेस तर निदान पाण्याची चिंता मिटते. तरी नवरात्रासारखे सलग दिवस असतील तर डॉक्टरांना आधी विचार. पण हरतालिकेचा निर्जळी उपास तू करू नकोस. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि रात्री जागरण, म्हणजे लेव्हलही हलणार आणि झोपही मोडणार. बायपोलर असलेल्या माणसाला झोप मोडण्याचा धोका वेगळाच. सासूबाईंना तू सांगायला कचरत असशील तर मी बोलते त्यांच्याशी. पाणी पिऊन केलेली पूजा देवीला पोचते असं मला मनापासून वाटतं. तुझी ती शाळेतली मैत्रीण रोजे ठेवते ना, तिच्या भावालाही लिथियम सुरू आहे असं म्हणाली होतीस. त्याला सांग, रमझान सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडे जा, गोळीची वेळ आणि रक्ताची तारीख ठरवून घे.

आणि आता ज्याच्याबद्दल मला तुला खरं तर हात धरून सांगायचं आहे, ते म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्या. घरातल्या त्या प्लास्टिकच्या डब्यात तू कधी नीट बघितलंस का? आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नेप्रॉक्सेन, आणि पाळीच्या दुखण्यासाठी आपल्याकडे सर्रास घेतली जाते ती मेफेनॅमिक ॲसिडची गोळी. हे सगळं एकाच कुळातलं. ही औषधं मूत्रपिंडाकडचा रक्तप्रवाह आणि तिथलं मिठाचं गणित बदलतात आणि लिथियम बाहेर पडणं कमी करतात. एखाद्या गोळीने आकाश कोसळत नाही, पण चार-पाच दिवस सलग घेतल्या की लेव्हल चांगलीच वर जाऊ शकते. तू घेतल्यास त्या याच.

मेडिकलमधून पट्टी आणलीस की आधी उलटी करून बघ. चकचकीत फॉइलवर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं, त्याखाली बारीक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं असतं. कॉम्बिफ्लामची पट्टी घे. नाव वाचून काही कळत नाही, पण खालच्या ओळीत आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असं स्पष्ट छापलेलं आहे. त्यातलं पॅरासिटामॉल आपल्याला चालतं, आयबुप्रोफेन चालत नाही. नुसत्या पॅरासिटामॉलने लेव्हल वाढत नाही, म्हणून ताप, डोकेदुखी, अंगदुखीला आपली पहिली गोळी तीच. पाळीत तेवढ्याने भागत नसेल तर गरम पाण्याची पिशवी घे, आणि तरी सहन होत नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांग की मी लिथियमवर आहे, दुसरं काय देता येईल? दातदुखीला डेंटिस्टही हीच औषधं लिहून देतात. त्यांचा काही दोष नाही, त्यांना माहीत नसतं. तू तोंड उघडून सांगितलंस तर ते बदलून देतात.

बीपीच्या गोळ्यांचंही तेच, आणि इथे तुला आमच्या स्वमदत गटातल्या एका काकांचं सांगते. साठी उलटलेली, लिथियमवर कित्येक वर्षं अगदी स्थिर. बीपी वाढलं म्हणून त्यांना नवी गोळी सुरू झाली आणि त्या वेळी लिथियमचा विषय निघालाच नाही. काही आठवड्यांत गटाच्या बैठकीत चहाचा कप त्यांच्या हातात राहीना. बारीक कंप आपल्या सगळ्यांच्याच हाताला असतो, तुझ्याही आहे. हा तसा नव्हता. हात झटका बसल्यासारखा हलायचा, अर्धा चहा बशीत सांडायचा. चालताना एका बाजूला झोकांडी जायची, बोलणं जड झालं होतं, आणि दुपारी बसल्या जागी पेंगायचे. घरच्यांना वाटलं, वय झालं. मुलीला अर्धांगाची शंका आली म्हणून ती त्यांना घेऊन गेली, तिथे लेव्हल तपासली तर २ च्या वर. सलाईन लावलं, डॉक्टरांनी डायलिसिसचीही तयारी ठेवली होती. काका सावरले. पण लिथियमची विषबाधा लांबली तर तोल आणि बोलणं कायमचं बिघडू शकतं, हे त्या निमित्ताने आम्हा सगळ्यांना कळलं.

त्यांच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी दोन औषधं एकत्र होती, आणि दोन्ही लेव्हल वाढवणारी. एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही नावं, आणि लघवी वाढवून बीपी उतरवणारी थायझाइड जातीची औषधं, ही कोणीही तुला लिहून दिली तर तिथल्या तिथे "मी लिथियम घेते" हे वाक्य बोलायचं. याचा अर्थ ती कधीच घेता येत नाहीत असा नाही. कधी लिथियमचा डोस कमी करून, जवळजवळ तारखांना रक्त बघून देतात. अमलोडिपिनसारखं दुसरं औषधही निवडता येतं. पण हा विचार दोन्ही डॉक्टरांनी मिळून करायला हवा, आणि दोघांना जोडणारा दुवा तूच आहेस. फोनमध्ये औषधांच्या यादीचा फोटो ठेव. काकांच्या पाकिटात आता एक चिठ्ठी असते, लिथियम कधीपासून, किती, डॉक्टरांचा नंबर. तूही कर.

कॉफीचं ऐकून तुला नवल वाटलं ना? कॅफिनमुळे लिथियम थोडं जास्त बाहेर पडतं. ऑफिसात चार-पाच कप रिचवायची सवय असेल आणि तेवढ्या कॉफीच्या हिशेबात तुझा डोस बसला असेल, तर एका दिवसात ती तोडली की लेव्हल चढते. झोपेसाठी कॉफी कमी करणं चांगलंच आहे, पण आठवड्याला एक कप अशी कमी कर, आणि डॉक्टरांना सांगून कर. दम्याच्या थिओफिलिन या औषधाने आणि खाण्याच्या सोड्याने लेव्हल उलट कमी होऊ शकते. पित्त झालं की रोज सोडा घ्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, ती तुझी नसू दे.

आता आठवड्याने जी तपासणी आहे तिची तयारी. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री ९ ला गोळी घेतलीस तर सकाळी ९ ला. सकाळची गोळी असेल तर ती रक्त देऊन झाल्यावर. आठ तासांनी रक्त दिलंस तर आकडा उगाच मोठा दिसेल, सोळा तासांनी दिलंस तर उगाच छोटा, आणि डॉक्टर त्या चुकीच्या आकड्यावर डोस बदलतील. म्हणून लॅबच्या फॉर्मवर दोन्ही वेळा लिहायला सांग, गोळीची आणि रक्ताची. मागच्या वेळी तू किती वाजता दिलं होतंस, आठवून बघ बरं. दोन वेळची गोळी एकदाच रात्री घ्यायला सांगितली असेल तरी एकूण डोस तोच असून बारा तासांचा आकडा थोडा वर दिसतो. साधी गोळी बदलून हळूहळू विरघळणारी एसआर गोळी आली, किंवा मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची दिली, तरी फरक पडू शकतो, ते डॉक्टरांच्या कानावर घाल. डोस किंवा दुसरं काही बदललं तर नवी लेव्हल स्थिरावायला पाच ते सात दिवस जातात, म्हणून तर त्यांनी तुला आठवड्याने बोलावलं आहे.

रक्त काढताना आणखी एक छोटी गोष्ट. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन घातलेलं असतं. त्या नळीत तुझं रक्त गेलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जाईल आणि आकडा बघून सगळ्यांची धावपळ उडेल. लॅबमधल्या माणसांना हे माहीत असतं, पण सकाळच्या गर्दीत एकदा गोड शब्दांत म्हणायचं, "दादा, लिथियम लेव्हल आहे, नळी बघून घ्याल ना?"

आणि गोळी चुकली तर? चुकली तर चुकली. पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. आमच्या गटात अशीही मुलं आहेत की जी दोन-दोन आठवडे गोळी सोडतात आणि तपासणीआधी तीन-चार दिवस शहाण्यासारखी घेतात, म्हणजे आकडा बरा यावा. त्यांच्यावर रागावू नये, गोळी सोडावीशी वाटते त्यामागे काहीतरी खुपत असतं. पण तुला कधी सोडावीशी वाटली तर मला सांग, डॉक्टरांना सांग, आकड्याला फसवू नकोस. लिथियम अचानक बंद केलं की मेनिया उसळून परत येण्याचा धोका फार असतो. आणि आत्महत्येचा विचार दूर ठेवण्याच्या बाबतीत या औषधाइतका भक्कम पुरावा मनोविकारांच्या फार थोड्या औषधांच्या मागे आहे. मी ते घेत राहिले त्याचं हे एक मोठं कारण. मन अगदीच खचलं आणि रात्री-अपरात्री कोणी सापडत नसेल तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये साठवून ठेव, मराठीत बोलता येतं.

मागच्या हिवाळ्यात मेनियात असताना तुला जो डोस पचला, तो आता मन शांत झाल्यावर जास्त होऊ शकतो, हेही डॉक्टरांच्या मनात असेल. वाढत्या वयाबरोबर मूत्रपिंडाचा वेग कमी होत जातो आणि डोसही कमी लागतो. म्हणून लेव्हलच्या जोडीला क्रिएटिनिन, थायरॉइडची टीएसएच आणि कॅल्शियम बघतात. पहिल्या वर्षी लेव्हल दर तीन महिन्यांनी, नंतर सगळं ठीक असेल तर सहा महिन्यांनी, अशी साधारण रीत आहे. तुझी टीएसएच यंदा झाली नसेल तर याच वेळी करून घे, एकाच टोचण्यात होईल.

घरच्यांना मात्र धोक्याच्या खुणा तू स्वतः शिकव, कारण त्या वेळी तुला कदाचित कळणार नाही. हात जोरात थरथरणं, झोकांडी जाणं, जीभ जड होणं, सारखी पेंग, गोंधळल्यासारखं बोलणं, स्नायू फडफडणं, आणि सोबत उलट्या-जुलाब. यातलं काही दिसलं तर पुढची गोळी द्यायची नाही, आणि डॉक्टरांना फोन लागो न लागो, थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि दारातच सांगायचं की पेशंट लिथियमवर आहे. आकडा ठीक दिसत असतानाही कधी विषबाधा झालेली असू शकते, म्हणून रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही.

आणि मेसेजच्या शेवटच्या ओळीत तू हळूच विचारलंस, बाळाचा विचार करता येईल का? करता येईल गं. लिथियम घेणाऱ्या बायकांना निरोगी मुलं झालेली आहेत. पण हे ठरवून, आधी बोलून करायचं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयात दोष राहण्याचा धोका थोडा वाढतो, आणि तो डोसवरही अवलंबून असतो. म्हणून काहींच्या बाबतीत डॉक्टर आधीच गोळी हळूहळू कमी करतात, काहींना कमीत कमी डोसवर ठेवतात आणि बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करतात. गरोदरपणात मूत्रपिंड जोरात काम करतं, त्यामुळे तोच डोस घेऊनही लेव्हल खाली येते आणि रक्त वरचेवर बघावं लागतं. सुरुवातीला उलट्या फार झाल्या तर उलट वर जाऊ शकते. बाळंतपणानंतर मूत्रपिंड पूर्ववत व्हायला लागतं आणि लेव्हल चढते, नेमकी त्याच आठवड्यांत जेव्हा झोप नसते आणि आजार उलटायचा धोका सगळ्यांत जास्त असतो. अंगावर पाजायचं की नाही, तेही तेव्हाच ठरवावं लागतं, कारण लिथियम दुधात उतरतं. रात्री बाळाला दुसरं कोणीतरी सांभाळणारं हवं, म्हणजे तुझी झोप राहील. ते माझ्याकडे लागलं, मी येऊन राहीन.

दिवस राहिल्याचं कळलं आणि घाबरून त्याच रात्री गोळ्या कचऱ्यात टाकल्या, असं मात्र होता कामा नये. त्याआधीच मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांना एकमेकांशी बोलायला लाव. पुढच्या वेळी रिपोर्ट दाखवायला जाशील तेव्हा नवऱ्याला बरोबर ने, आणि हा प्रश्न दोघांनी मिळून विचारा.